काट्यांचं खोटं

बटर क्रीक, आयोवा
१४ जुलै १९९८

ती. व्हर्जिल दाजी यांस,

मर्लचा साष्टांग नमस्कार. (उताणा का होईना, पण खराखुरा. गेले पाच आठवडे मी तुमच्या गाडीखाली आडवाच आहे.)

इकडे सगळं उत्तम. मी उत्तम, बिस्किट (कुत्रा) उत्तम, मका माणसाच्या डोक्यावर गेलाय. तुमचे गुडघे ॲरिझोनाच्या हवेनं सुधारले की नाही ते कळायला मार्ग नाही, कारण तुमच्या प्रत्येक पोस्टकार्डावर पुढे निवडुंग आणि मागे "मजेत आहे" एवढाच मजकूर असतो. एप्रिलच्या कार्डावर मात्र एक ओळ जास्त होती: "काटे दुरुस्त झाले की गाडी विकून टाक." मोठ्यांची आज्ञा म्हणून मी कामाला लागलो. त्याची हकिकत कळवतो.

दुखणं तुम्हाला ठाऊक आहेच. किल्ली फिरवली की पेट्रोलचा काटा टाकी भरल्याचं सांगतो आणि शेजारचा तापाचा काटा इंजिन उकळत असल्याचं. मी आधी पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवला (माणसानं कुणावर तरी ठेवावा) आणि चर्चच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड घेऊन निघालो. तीन मैल अलीकडे, दोन्ही बाजूंना मका आणि मधे मी, गाडी थांबली. काटा अजून भरलेलाच. ते पातेलं पोटाशी धरून उन्हातून चालत पोचलो तेव्हा जेवणं उरकली होती, आणि सॅलडला बिस्किटनंही तोंड लावलं नाही. पुढच्या आठवड्यात म्हटलं, या काट्यानं फसवलं, आता दुसऱ्याचं ऐकावं. न्हाव्याच्या दुकानासमोर गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि जवळचं अख्खं लिंबू सरबत रेडिएटरवर ओतलं. रेडिएटर थंडगार होता. घरून निघून तीनच मिनिटं झाली होती. न्हाव्यानं हे अजून ज्याला सांगितलं नाही असा माणूस गावात उरलेला नाही.

मग मी टाकी उतरवली, म्हणजे ती माझ्या छातीवर उतरली. आतला तरंगता गोळा बदलला, ओहायोहून नवा काटा मागवून बसवला. नव्या काट्यानं जुन्याचंच खोटं पुढे चालू ठेवलं. शेवटी मान खाली घालून स्पेअर पार्टवाल्या एल्मरकडे गेलो. (तो अजून तसाच आहे. माणसाकडे न बघता बोलतो आणि बरोबर बोलतो.) तो म्हणाला, "दोघं एकाच वेळी एकच खोटं बोलतायत ना? मग त्यांना सोड, दोघांना पढवणारा तिसरा शोध. काट्यांमागची अर्थची वायर बघ." दाजी, पाच आठवडे माझ्या कष्टांना काही अर्थ नव्हता तो असा.

डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि वायर सापडायच्या आधीच उठायला गेलो, ते टाळकं वर दाणकन आपटलं. डोळ्यांसमोर तारे, आणि ताऱ्यांच्या पलीकडे दोन्ही काटे सरसर खाली आले. पेट्रोल पाव टाकी, इंजिन थंड. खरं तेच. दहा मिनिटांनी पुन्हा वर चढले. मी मुठीनं ठोकलं, पुन्हा खाली आले.

तेव्हा मला अर्डिसताई आठवली. ती शेजारच्या सीटवर बसून अंगठीनं डॅशबोर्डवर टकटक करायची आणि काट्याला दटावायची, "खरं सांग." तुम्ही हसायचात, म्हणायचात की हिला नवरा पुरत नाही, भांडायला गाडीही लागते. मी वाकून पाहिलं. काट्यांच्या बरोबर वर, तिच्या बाजूनं हात पोचेल तिथे, रंगावर बारीक बारीक टोचे आहेत. शेकड्यांनी. ती गेली त्याच आठवड्यात गाडी बिघडली, असं तुम्ही किल्ली देताना मला म्हणाला होतात. तसं नाही, दाजी. ती वायर तीस वर्षं ढिलीच होती. ताई होती म्हणून आपल्याला कळलं नाही. त्या टोच्यांवर बोट फिरवत मी बराच वेळ रडलो. बिस्किट पहिल्यांदाच आपणहून गाडीत येऊन बसला.

वायर सापडली. एक नट आवळायचा होता, तो आवळला. काटे आता घड्याळासारखे चालतात. घरात सर्वांना माझा नमस्कार आणि नातवंडांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक मेव्हणा,
मर्ल

ता. क. नट आवळून मी एक फेरी मारून आलो. काटे सगळं खरं सांगत होते आणि गाडीत चिटपाखरू नसल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन नट पुन्हा ढिला केला. तेव्हा तुमच्याच अटीप्रमाणे गाडी अजून दुरुस्त झालेली नाही आणि विकता येत नाही.

ता. क. २. मक्याची जत्रा ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आहे. दोन वर्षं मिरवणुकीत आपली गाडी नाही. मी चालवीन, पण स्टिअरिंग न सोडता माझा हात तिथवर पोचत नाही. शेजारी कुणीतरी हवं. ताईची अंगठी तुम्ही गळ्यातल्या साखळीत घालता ते मला माहीत आहे. ती घेऊन या. बोटानं जमत नाही, करून पाहिलं.

ता. क. ३. वर सुरुवातीला "इकडे सगळं उत्तम" लिहिलंय, तो काटा समजावा. तुमचं "मजेत आहे"ही मी तसंच वाचतो. टकटक. खरं सांगा, दाजी.