झेंडा खाली आलाच नाही

झाब्रेग, ९ जानेवारी

श्री. लोव्रो भाऊजी यांस,
रेझकाचा नमस्कार. क्षेमकुशल विचारत नाही, कारण तुमच्या धुराड्यातून धूर निघताना मी स्वतः पाहिलाय. दोनदा दार ठोठावलं. आतून कुत्रा भुंकला, तुम्ही नाही. म्हणून हे पत्र. ते तरी दाराखालून आत शिरेल.

तीन राजांच्या सणाला सगळं गाव उर्शाच्या खानावळीत टीव्हीसमोर बसलं होतं. स्की-उड्यांच्या स्पर्धेतल्या चार टेकड्यांपैकी तीन झालेल्या, आपला ब्लाझ सगळ्यांच्या पुढे, आणि ऑस्ट्रियातल्या शेवटच्या टेकडीवरची एकच उडी उरलेली. रोजच्यासारखी साधी उडी मारली असती तरी ढाल आपल्या दरीत आली असती. हिरवा दिवा लागला. प्रशिक्षकांच्या कठड्यावर तुम्ही, हातात झेंडा वर धरलेला. तो खाली आला की पोरगं टेकडीच्या माथ्यावरच्या फळीवरून सुटणार. तो खाली आलाच नाही. वेळ संपून हिरव्याचा लाल झाला, उडी बाद. आणि तुमच्या भावाचा मुलगा स्की खांद्यावर टाकून सगळ्या जगासमोर जिन्याने खाली उतरला, चुकीच्या घरी शिरलेल्या पाहुण्यासारखा.

 मग उर्शा म्हणाली, की लोव्रोचा हात गोठला असेल तर आणा इकडे, माझ्या भट्टीत घालते. सगळे हसले. ते मी सोसलं. पण नंतर एकेक बाई येऊन माझा हात धरून म्हणायला लागली, की रेझका, तुला मात्र मनातून बरंच वाटलं असेल, येर्नेयच्या त्या प्रकारानंतर. तेव्हा माझं डोकं फिरलं.

माझ्या येर्नेयला उडीत वाऱ्याने उचललं आणि उलटं आपटलं. त्या दिवशी ज्याच्या हातात झेंडा होता त्याला मी कधी बोल लावला नाही. तुम्ही मात्र त्या माणसाशी आजतागायत बोलत नाही. म्हणून सरळ विचारते. सणाच्या दिवशी तुम्ही वारा पाहून थांबलात, की तुमचा मेलेला भाऊ आठवून? माझी दया येऊन थांबला असाल तर ऐका, मी तसं सांगितलं नव्हतं. मुलाला पहिल्यांदा फळीवर बसू दिलं त्याच दिवशी मी माझं रडणं आटोपून घेतलं.

पायरीवर आंबट कोबीची बरणी ठेवली आहे. रागाचा आणि पोटाचा संबंध नाही.
लोभ होता. पुढे असावा की नसावा ते तुमच्या उत्तरावर.
रेझका


वरची वाडी, १४ जानेवारी

ती. वहिनींना लोव्रोचा सा. न.
वारा होता. डावीकडून.
कोबी चांगली होती. बरणी धुऊन फाटकाशी ठेवली आहे. ब्लाझला कुणी काही बोलू नये. तुम्हीसुद्धा.
राग धरावा, पण प्रकृतीला जपून धरावा.
लोव्रो


झाब्रेग, २३ जानेवारी

चि. ब्लाझ यास,
आईचे आशीर्वाद, तुला हवे असोत की नसोत. फोनवर मी आवाज चढवला की तू फोन ठेवतोस. पत्र खाली ठेवलंस तरी ते गप्प होत नाही, म्हणून लिहितेय.

पोस्टमनने वर्तमानपत्र मुद्दाम तुझा फोटो वर येईल अशी घडी करून दिलं. काका म्हातारा झालाय, त्याच्या हातात आता झेंडा नको, काठी द्या, असं तू म्हणालास. शिवाय स्की महासंघाला कळवलंस, की मार्चमध्ये प्लानित्साला, हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेला, तुझा झेंडा दुसऱ्या कुणीतरी धरावा. प्लानित्साला! आपल्याच दरीत, जिथे प्रत्येक माणूस त्याला नावाने ओळखतो!

बाबांना पुरलं त्या हिवाळ्यात मी घरातल्या सगळ्या स्की माळ्यावर गवतात लपवल्या होत्या. तू जेवणं सोडलंस. तेव्हा हाच काका टोपी हातात घेऊन माझ्या दारात उभा राहिला, आणि म्हणाला, वहिनी, तो चोरून उडेलच, त्यापेक्षा माझ्यासमोर उडू दे. गोठ्याएवढ्या उंचवट्यावरून तू उडालास, आणि तो तुझ्या बाजूने बर्फातून धावत खाली आला, पडला, आणि त्याचे दोन दात गेले. त्याच्या बोळक्याला तू अजून हसतोस.

आता रविवारी चर्चबाहेर तो आला की पुरुषांचा घोळका पाठ फिरवतो. कुणीतरी त्याच्या कुंपणाला लाल फडकं बांधलं. मी सोडून आणलं, भांडी पुसायला बरं आहे. मीही त्याच्यावर चिडले आहे, पण ते घरातलं भांडण. तू ते चव्हाट्यावर नेलंस.

जेवतोस ना? वजनाच्या नावाखाली हाडं दाखवत फिरू नकोस. अक्रोडाचा गोड पाव, तुझी पोतित्सा, पाठवतेय. साथीदारांना वाटलीस तर मला कळेल.
माया आहेच, ती तुझ्या वागण्यावर नाही.
आई


क्रान्य, २ फेब्रुवारी

ती. आईस सा. न.
पोतित्सा मिळाली. वाटली.
तू तिथे नव्हतीस. टीव्हीवर ती फळी झोपाळ्याएवढी दिसते, म्हणून उर्शापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना वाटतं की आपणही तिच्यावर बसलोय. काकाचं काम वाऱ्याकडे बघायचं. माझ्याकडे बघायचं नाही. त्याला तो हक्क नव्हता. बस्स.
यावर पुन्हा लिहिलंस तर न फोडता परत पाठवीन.
लोभ कमी करू नकोस. मी वर्तमानपत्रात बोललो तेवढा वाईट नाही.
ब्लाझ


झाब्रेग, फेब्रुवारी, राख-बुधवारचा दुसरा दिवस

श्री. लोव्रो भाऊजी यांस,
नमस्कार. इतरांकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे. हिवाळ्याला निरोप द्यायला जाळतात त्या पुस्ताच्या पुतळ्याला यंदा तुमच्यासारखी टोपी होती. उजव्या बाहीत काठी घालून हात ताठ केलेला, आणि हातात झेंडा. नेहमीसारखा खटला भरवला, वर्षभराचं सगळं वाईट त्याच्या माथी मारलं: गारपीट, उर्शाची आंबलेली वाईन, पाद्रीबुवांचा दमा, आणि शेवटी ब्लाझची बाद उडी. खाटीक विग घालून न्यायाधीश झाला होता. त्याने पुतळ्याला विचारलं, वारा होता का रे? तर सगळं गाव ओरडलं, नव्हता! लहान पोरंसुद्धा. मग पेटवायला निघाले. मी पुढे झाले, पुतळ्याच्या हातातला झेंडा उपसला आणि न्यायाधीशाच्या विगवर हाणला. चार घरं आता माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या वाट्याच्या तळलेल्या गोड क्रोफी उरल्या, त्या पाठवतेय.

हे झालं गावाचं. आता तुमचं. उर्शाने ती स्पर्धा टेपवर भरून ठेवलीय. काल मागच्या खोलीत बसून मी ती पाहिली. वारा दाखवायला टेकडीच्या कडेने फिती बांधतात ना, त्या वरपासून खालपर्यंत लोंबत होत्या, भाऊजी, वाळत टाकलेल्या पायमोज्यांसारख्या. गाव खरं ओरडत होतं. तुम्ही मला खोटं लिहिलंत. म्हणजे येर्नेयच मध्ये आला. माझा मेलेला नवरा तुम्ही माझ्या जिवंत मुलाच्या आड उभा केलात, आणि वर मला डावीकडचा वारा सांगता!

आणि ब्लाझ लिहितो की तुम्ही त्याच्याकडे बघायला नको होतं. याचा अर्थ काय? तुम्ही दोघे मला वेडी समजता का? मी शाळेत फार गेले नसेन, पण फिरत्या वाचनालयाच्या गाडीतलं एकही पुस्तक सोडलेलं नाही. आपल्यापासून काही दडवलं जातंय एवढं मला वाचताना कळतं. त्यालाही टेपबद्दल लिहितेय, परत पाठवायचं तर पाठवू दे.

लोभाचं नंतर पाहू. आधी उत्तर.
रेझका


वरची वाडी, १९ फेब्रुवारी

ती. वहिनींना सा. न.
फिती कडेला असतात. उडणारा मधून जातो. वारा होता.
येर्नेय मला लाकडं फोडताना आठवतो, गाईचं दूध काढताना आठवतो. झेंडा हातात असताना कधीच नाही. हे खरं मानावं.
महासंघाचं पत्र आलं. प्लानित्साला दुसरा माणूस. माझी तक्रार नाही. खाटकाची माफी मागू नये. क्रोफी छान होत्या, कुत्र्यालाही दिल्या.
असाच लोभ असावा असं म्हणवत नाही. असेल तेवढा पुरे.
लोव्रो


क्रान्य, १ मार्च

ती. आईस सा. न.
तुझं पत्र परत पाठवलं नाही. फोडलं, आणि टेपबद्दल वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. तू काकाला खोटारडा म्हणालीस ना? बरोबर आहे. वारा नव्हता. पण बाबाही मध्ये नव्हते. मध्ये मीच होतो.

सकाळी मी बरा होतो. फळीवर सरकलो, खाली पाहिलं, आणि माझी बोटं फळीवरून सुटेनात. का ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही. हिरवा दिवा लागला. काकाने झेंडा उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. झेंडा खाली आला असता तर मी निघालो असतो. झेंडा पडला की आम्ही जातो, लहानपणापासूनची सवय आहे, तिथे डोकं चालत नाही. तशा अवस्थेत टोकावरून कसा सुटलो असतो ते त्याला ठाऊक होतं. मी मनात म्हणत होतो, नको पाडू, काका, नको पाडू. आणि त्याने पाडला नाही. जिन्याने उतरताना मला इतकं हलकं वाटलं, आई, की खाली पोचेपर्यंत त्याचं तोंड बघवेना.

त्याने कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा नाही. निदान चारचौघांत मला भित्रा म्हणाला असता तर मला भांडता आलं असतं! तो आपला वारा, वारा करत बसलाय, आणि गाव त्याला जाळतंय. त्याचाच मला जास्त राग येतो.

तेव्हापासून मी उडतोय, पण आकडे तू पाहतेसच. प्लानित्साला जो माणूस येणार आहे तो फक्त वाऱ्याकडे बघणारा आहे. मीच तसा मागून घेतला.
आता तुला काय वाटायचं ते वाटू दे.
ब्लाझ


झाब्रेग, ५ मार्च

चि. ब्लाझ यास आशीर्वाद.
भ्यालास याचा मला राग नाही. तुझ्या वडिलांना भीती ठाऊकच नव्हती, असं लोक मला इतकी वर्षं कौतुकाने सांगतात. त्या कौतुकापुढे मी दर रविवारी कबरस्तानात मेणबत्ती लावते. तुझी बोटं तुझ्यापेक्षा शहाणी निघाली, त्यांना माझा आशीर्वाद जास्त.

राग याचा आहे, की स्वतःची भीती तू त्या माणसाच्या गळ्यात बांधलीस आणि वर पेपरवाल्यांना हसवलंस. तो गेले दोन महिने पाठमोऱ्या माणसांमधून चर्चला जातोय. मी, घरची माणूस, त्याला पत्रात खोटारडा म्हणाले. माझं मी निस्तरीन. तुझं तू निस्तर.

स्पर्धेआधीच्या रविवारी घरी ये. प्रार्थना संपली की सगळे पुरुष उर्शाकडे जमतात. तिथे उभा राहा आणि मला लिहिलंस ते तोंडाने सांग. मी येणार नाही. आई मागे उभी आहे म्हणून बोलला, असं कुणी म्हणायला नको. नाही सांगितलंस तर प्लानित्साला पहिला ये नाहीतर शेवटचा, माझ्या घरात त्याविषयी कुणी बोलायचं नाही.

पांढरा स्वेटर आणू नकोस, त्याचे कोपर फाटलेत. दे म्हणजे शिवते. म्हणजे आण.
तुझी, चिडलेली
आई


वरची वाडी, रविवार संध्याकाळ

ती. वहिनींना सा. न.
तुम्ही पोराला काय लिहिलंत ते मला आज कळलं. असं करायला नको होतं. मी सहसा लांब लिहीत नाही, पण उर्शाच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐका.

तो आला, टोपी काढली, आणि सगळं बोलला. बोटांचंही सांगितलं.  खाटीक माझ्याकडे बघायला लागला, मग सगळेच. कुणीतरी माझ्यासमोर ग्लास सरकवला.

मग मी उठलो आणि म्हणालो, पोरगा खोटं बोलतोय. म्हाताऱ्या काकाची कीव येऊन बोलतोय. वारा होता.

तुम्ही चिडाल. पण वहिनी, त्याला शुक्रवारी पुन्हा फळीवर बसायचंय. हा भितो, असं एकदा नाव पडलं की हजारो लोक त्याच्या बोटांकडे बघत बसतील. त्याच्या बोटांकडे बघायला एक माणूस पुरे आहे. पाठमोऱ्या लोकांचं मला काही वाटत नाही, त्यातल्या अर्ध्यांची तोंडं मला आधीही आवडत नव्हती.

तो ओरडला, नव्हता वारा. मी ओरडलो, होता. त्याने टेबलावर मूठ आपटली, मी खुर्ची लाथाडली. तो म्हणाला, माझी भीतीसुद्धा तू मला परत घेऊ देत नाहीस. मी म्हणालो, गाढवा, गप्प बैस. शेवटी उर्शाने दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं. म्हणाली, वारा होता की नव्हता ते बाहेर जाऊन बघा. आता गावात निम्मे त्याच्यावर विश्वास ठेवतात आणि निम्मे माझ्यावर. पण निघताना खाटकाने मला हाक मारून माझी टोपी आणून दिली.

तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्ही वाऱ्याचंच सांगायचं. तुमच्याकडून कधी काही मागितलं नाही, हे मागतो.

बाहेर बर्फात तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मग म्हणाला, की महासंघाला उद्या फोन करतो, शुक्रवारी झेंडा तूच धरायचास, नाहीतर मी वर चढतच नाही. मी म्हणालो, धरीन, पण मग मी कुठे बघायचं ते तू मला सांगायचं नाहीस.

त्याने बुटाने बर्फ उकरला. खूप उकरला. मग म्हणाला, माझ्याकडे बघ.

तुमचा दीर,
लोव्रो