आजींना दोरा दिसेना

१२ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे. तू विचारणार नाहीस, म्हणून आपणहून सांगतो. आईचा गुडघा आता जिने चढू देतो. भाऊजींना नमस्कार, चिमणीला पापा.

आता बातमी. कारखान्यातून तो सुपरवायझर गेला. काल दुपारी, सगळ्यांसमोर, स्वतःचा डबा काखेत मारून. मालकाने सही केली. यापुढे अशा तक्रारी बायकांची समिती ऐकणार. तुझ्या शेजारच्या मशीनवरच्या मावशी समितीच्या प्रमुख. पेन हातात धरून त्या मालकाला म्हणाल्या, "सावकाश वाचा, साहेब. आम्हाला घाई नाही."

सव्वा महिना मशिनी बंद होत्या. तिथली रीत तुला ठाऊकच आहे. जिला त्रास होईल ती मशीन थांबवते, मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. या वेळी थांबलेल्या मशिनी पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. मालक म्हणाला, बसा हात चोळत, कोट मी परदेशात शिवून घेतो. आणि कापड खरंच गेलं.

पण आमच्याकडे दुभाषी आहे. तिला त्या देशाची भाषा येते. संघटनेच्या ऑफिसात ती बोलते, मी कॉम्प्युटर सांभाळतो. (हो, कॉलेज सुटलं. आईला सांगितलंय की चळवळीसाठी. चळवळ दहा वाजता येते, खिडकीपाशी बसते आणि माझ्याकडे बघतही नाही.) तिने तिथल्या शिवणाऱ्या बायकांना पडद्यावर गाठलं. त्यांच्यात प्रत्येक ऑर्डरचा पहिला नग सर्वांत वयस्क बाई शिवते. तिने शिवून खाली ठेवल्याशिवाय कुणी मशीनला हात लावत नाही. त्या आजींनी विचारलं, "हे कापड कुणाच्या हातातून काढून आणलंय?" मावशींनी सगळं सांगितलं. आजी म्हणाल्या, "अगंबाई, मग मला काही सुईत दोरा दिसायचा नाही."

नऊ दिवस दिसला नाही. तिथला मॅनेजर चष्मा घेऊन आला, डॉक्टर घेऊन आला. चौथ्या दिवशी तीनशे बायकांची नजर एकदम अधू झाली. कोटांचा हंगाम सरला आणि मालक सरळ झाला. बदल्यात आजींनी एकच मागितलं: ती मशिनी थांबवायची रीत आम्हाला शिकवा. मावशींनी पडद्यावर शिकवली. तिथल्या मशिनी एकामागून एक गप्प होत गेल्या आणि इथे आमच्या बायका रडत टाळ्या वाजवत होत्या.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होतो.

ताई, त्या बोलण्यात आजींनी विचारलं होतं, या माणसाविरुद्ध आधी कुणीच तोंड उघडलं नव्हतं का? मी उठलो. म्हणालो, माझ्या बहिणीने उघडलं होतं. मी त्याच दिवशी त्याची कॉलर धरायला निघालो होतो, घरच्यांनी अडवलं.

दुभाषीने ते पुढे सांगितलंच नाही. मला म्हणाली, "तिला विचारलंस?"

"ती माझी बहीण आहे."

"म्हणून तर विचारतेय."

मावशी म्हणाल्या, "भडकू, खाली बस. जिभेला काही हाड?"

मी बसलो. कारण मी कुठेच निघालो नव्हतो. त्या संध्याकाळी तू न उघडलेला डबा ओट्यावर ठेवलास आणि सगळं सांगितलंस. मी जेवत होतो. मान वर न करता म्हणालो, "तूच हसून बोलत असशील." मग भाजी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी तू काम सोडलंस आणि माझ्याशी बोलणंही.

काल सगळ्या नाचत असताना मी हे दुभाषीला सांगितलं. वाटलं होतं, खरं बोलल्याबद्दल जरा तरी मऊ होईल. ती म्हणाली, "मला कशाला सांगतोस? पत्ता चुकलास." म्हणून हे पत्र.

समितीच्या वहीचं पहिलं पान मावशींनी तुझ्यासाठी कोरं ठेवलंय. लिही, नाहीतर तसंच राहू दे. त्यावर दुसरं कुणी लिहिणार नाही. मी तर नाहीच. माझं उठणं-बसणं पडद्यावर बघून आजींनी ओळखलं, की आधी कुणी मुलगी बोलली होती; त्यांचा निरोप आहे, की त्या मुलीला काही विचारू नका, फक्त सांगा की ती खरं बोलली होती.

ताई, तू खरं बोलली होतीस. आता दोन देशांतल्या बायका ते जाणतात. मला ते त्याच संध्याकाळी माहीत होतं.

तुझा,
मान वर न केलेला,
धाकटा भाऊ