दारातला मांडव

मुर्री. चैत्र व. ६, शके १८५८
शाळेला सुटी लागली. आता उन्हाळाभर गोंदियाची पायपीट नाही. दादा माघात वारला, तेव्हापासून घराकडे कुणी पाहिलेले नाही. मागच्या छपराची कवेलू वानरांनी फोडली आहेत. घरामागच्या बाडीत वांगी तेवढी उभी, तीही किडकी. वहिनी एकटीच पाणी घालते. बादली घ्यायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या भाऊजी. तुमचे हात खडूचे आयेत."
दादा असेच म्हणायचा. 

चैत्र व. ९
वहिनी विहिरीवर गेली असताना मायने तिच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. "बापू, पाटाचं काय करतो? आपल्यात चालते. धाकटा दीर घरात असून सून बाहेर कायले जाईल? तिचा भाऊ गोरेगावले नवरा पाहून रायला."
म्हणालो, वर्ष तरी होऊ दे.
"वर्षानं तिची पोरगी दुसऱ्याले बाबा म्हनन."
ताटावरून उठलो. यंदा माझ्यासाठी मुलगी पाहायला दादाच जाणार होता.

चैत्र व. १२
कवेलू फेरायला, फुटकी काढून नवी बसवायला, घेतले. स. लवकर चढतो, ऊन तापले की उतरतो. मैना खालून सांगते, "काका, पडजो नोको." पाच वर्षांची आहे. बापाला असेच सांगायची.
वाशाच्या बेचक्यात दादाची चुन्याची डबी सापडली. चुना वाळून खडा झालेला. पुन्हा तिथेच खोचली. नंतर काम झाले नाही.

चैत्र अमा.
अंगण भट्टीसारखे. काल मैनाचा घोळणा फुटला. माय मावशीकडे गेलेली, म्हणून विचारायला कुणी नव्हते. दादाने दोडक्यासाठी आणून ठेवलेले बांबू दारापुढे रोवले, नाल्याकाठच्या जांभळाच्या डहाळ्या तोडून वर टाकल्या. सं. पर्यंत सावली तयार. मैना तिथेच झोपली. वहिनी दारातून बघून आत गेली. बऱ्याच दिवसांनी एक काम पुरे केले असे वाटले.

वैशाख शु. १
शेजारची काशीबुढी सकाळीच दारात. "मास्तर, कोनत्या गावची पोरगी? आमाले सांगतलं बी नाही."
मला समजेना. तेवढ्यात माय परतली. मांडव बघून खालीच बसली. "वर्षाच्या आत दारात हिरवा मांडो? जांभळाची डहाळी कवा घालतेत, ठाऊक नाही तुले? अन् पाटाले मांडो नसते. आता लोक म्हनतीन, मास्तर नवी आनून रायला, भावजयीले हाकलून."
गावातल्या प्रत्येक लग्नात हा मांडव मी पाहिला आहे. डहाळ्या मीसुद्धा वाहिल्या आहेत. तरी झाडावर चढलो तेव्हा डोक्यात आले नाही. फक्त ऊन दिसत होते.

वै. शु. २
स. उठलो तर वहिनी डहाळ्या ओढून काढत होती. काशीबुढीच्या शेळ्यांपुढे टाकल्या. काशीबुढी म्हणाली, "लग्नाचं जेवन शेळ्याईनंच खाल्लं बाई." वहिनी जरा हसली. माघानंतर पहिल्यांदा.
मी बांबू उपटायला गेलो. "ते राहू द्या. उद्या अखाती आये. दोडका चढवू. वेलाच्या मांडोले कोन काय म्हनन?"

वै. शु. ३, अक्षय्य तृतीया
मायने दोन घागरी मांडल्या. एक बाबांची, दरवर्षीची. दुसरी यंदाची, दादाच्या नावाची. कोरी घागर पाणी पिते, सारखा आवाज येत होता.
वहिनीने बांबूंच्या बुडाशी आळी केली. राखेतले बी काढले. दादाने गेल्या साली सुकवून ठेवलेले. पूजा झाल्यावर माय नव्या घागरीचे पाणी तुळशीला नेत होती, वहिनीने तिच्या हातून घेऊन आळ्यांत ओतले. मायने रिकामी घागर परत घेतली.

वै. शु. ११
उगवले. विहिरीचा तळ दिसतो. पाणी आता मी ओढतो. खडूच्या हातांचा विषय कुणी काढत नाही. मागचे छप्पर अजून अर्धेच.

वै. व. २
वहिनीचा भाऊ सदाशिव भर उन्हात आला. पाणीही घेतले नाही. "मास्तर, गोरेगावच्या बाजारात आयकलं, तुमच्या दारात मांडो पडला. आमची बहीन घरात असून?"
हात धरून अंगणात नेले, दोडक्याची रोपे दाखवली. तोही ओशाळला. मग म्हणाला, "मी वेल पाहाले नाही आलो. तुमच्या मनात असन तं सांगा. नाही तं मी नेतो. बिजवर आये, पन मानूस चांगला आये. पोरीलेही ठेवतो म्हनते."
म्हणालो, वहिनी म्हणेल तसे.
आतून आवाज आला, "मले कोनी इचारलं काय?"
माय म्हणाली, "इचारा ना मंग."
सदाशिव माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे. कुणीच विचारले नाही. जेवून निघाला. मिरगाच्या आधी गाडी घेऊन येतो म्हणाला.

वै. व. ९
वहिनी दादाचे जुने धोतर फाडून पट्ट्या करते, त्यांनी वेल बांधते. मला पाहवेना. तिच्या लक्षात आले. "सुतळी काचते वेलाले. हे मऊ आये."
दादाचे एकेक असे…

ज्येष्ठ शु. ३
छप्पर पुरे झाले. डबीवरच कवेलू बसवले. वेल डोक्याच्या वर गेले. सदाशिवचा निरोप, नवमीला येतो.

ज्येष्ठ शु. ८
स. वहिनी मांडवाशी होती. माय मैनाला न्हाऊ घालत होती. म्हणालो, "वहिनी, एक विचारायचं होतं."
"आधी हे टोक धरा."
धरले. तिने गाठ मारली. "हं. आता इचारा."
म्हणालो, इथेच राहाल का? मैनाही राहील. माझी बळजबरी नाही.
तिने दुसरी पट्टी घेतली. "राहा म्हनता. कोन म्हनून राहू, ते नाही इचारलं."
तेही विचारायचे आहे, म्हणालो. पण दादाचे नाव आले आणि विचारायच्या ऐवजी मी पुढचे टोक धरले.  गाठ मारून म्हणाली, "मलेही इतक्यात सांगता येत नाही, भाऊजी. पहिला दोडका उतरू द्या."
"आणि उद्या सदाशिव?"
"त्याले मी पाहीन."
वेलावर कळ्या आहेत, फूल एकही उमललेले नाही. सं. पाणी घातले. उद्या सदाशिवच्या बैलांसाठी वैरण काढून ठेवली आहे.