दुसरी गोळी

नवेगाव बांध
१४ नोव्हेंबर २००६

चि. रश्मी,
जय भीम. तुला आणि लेकरांना आशीर्वाद.

धानाची कापणी सुरू आहे. पंपदुरुस्तीला कोणी येत नाही, मी रिकामाच. तुझी आई भिंत धरून अंगणापर्यंत चालते. उजवा हात अजून उचलत नाही, शब्द अडकतात. पण परवा शेजारच्या देवकाबाईला "चहा घे" म्हणाली, अगदी स्पष्ट.

सोमवारी तिला गोंदियाला दाखवलं. डॉक्टरबाईंनी बीपीच्या दोन्ही गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. मला राहवलं नाही. "बाई, एकच गोळी डबल करून द्या नं. दोन कायले?"

"बाबा, एकीनं रक्ताच्या नळ्या सैल होतात. दुसरी जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे काढते. एकीचाच डोस वाढवला तर पाय सुजतील, अन् बीपी तेवढं उतरणार नाही. दोन थोड्या-थोड्या दिल्या तर काम जास्त, त्रास कमी."

"पण बीपी उतरल्यावर एक बंद केली तर?"

"ते उतरलं दोन्हींमुळे. तुम्ही बंद केली होती का?"

मी "नाही" म्हटलं. तुझी आई माझ्याकडे पाहून राहिली होती.

रश्मी, बंद मीच केली होती. मार्चमध्ये बीपी एकशेतीस आलं. पाणी काढणाऱ्या गोळीनं तिला सारखं उठावं लागे, शेतात आडोसा मिळत नसे. अन् खरं सांगतो, एका गोळीवर चालते का, हेही मला पाहायचं होतं. पंप उघडून पाहतो तसं. ती म्हणाली होती, "डॉक्टरले इचारू नं." मी म्हटलं, "मले समजते."

जुलैत लकवा मारला. दवाखान्यात तू ओरडलीस, "आई, गोळी काऊन सोडली?" तिनं डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला, आपलीच चूक म्हणून. मी बाजूलाच उभा होतो. गप्प राहिलो. तेव्हापासून दर फोनवर तू तिलाच रागावतेस आणि ती ऐकून घेते.

सोमवारी दारापर्यंत जाऊन मी परत फिरलो आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या. मग दोन्ही गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून दिल्या. आता मीच देतो, रोज.

येताना कोहमाऱ्याला बस थांबली. तुझ्या आईनं माझी बाही ओढली. बराच वेळ ओठ हलवत होती. मग एकच शब्द निघाला, "रश्मीले."

म्हणून हे पत्र. विचारायचं ते मला विचार, रागवायचं ते माझ्यावर रागव. तिला फोन केलास तर नुसती बोल.

तू अजून म्हणत असशील तर,
तुझा बाबा
केवळराम