फुगलेल्या गाठी आणि उपटलेल्या केळी

आबा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी गाठींबद्दल बोलायचंय. मला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघालाय. घाबरू नका म्हणणार होते, पण तुम्ही आता कशाला घाबरताय! जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआयवर ओटीपोटातल्या दोन गाठी दाखवल्या, वालाच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या. मी चष्मा सावरून बघत बसले, जणू दुसऱ्याच कुणाच्या. अशा गाठी म्हणे सगळ्यांनाच असतात, रोग अडवायला. फुगल्या की बघावं लागतं. "मग कापून टाका ना पिशवीसकट!" मी म्हटलं, आणि मला तुमचाच आवाज ऐकू आला.

आपल्या पाचोऱ्याच्या मळ्यात बांधालगतच्या कोवळ्या केळींची पानं पिवळी पडली होती. तुम्हाला वाटलं व्हायरस; तो शेजारच्या झाडांना लागतो, म्हणून तुम्ही कुणाला विचारलंसुद्धा नाही. "बठ्ठं उपटी फेका," म्हणालात, एकही झाड ठेवायचं नाही. तुम्ही चिखलात गुडघाभर उभे आहात, एकेक झाड ओढून खड्ड्यात टाकताय, आई नुसती बघतेय. आठवड्याने कृषी अधिकारी आले. बांधावरचं जळालेलं गवत बघून म्हणाले, "आबा, हा व्हायरस नव्हता. तणनाशक उडालंय. नवं पान निघेपर्यंत थांबायचं होतं." तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत.

डॉक्टरीणबाई मात्र थांबल्या. जंतुसंसर्गानंही गाठ फुगते, म्हणाल्या, आधी सुईनं तपासू. सुई कुठून घालणार, गाठ हलत नाही का, मी विचारून विचारून पिट्टा पाडला. "काकू, तुम्ही डॉक्टरच व्हायला हवं होतं," म्हणून हसल्या. एका गाठीत कॅन्सर निघालाच. आता तरी कापा, म्हटलं. तर म्हणे, कापलं तरी किरणांचा शेक द्यावाच लागेल, मग दोन्हींचा त्रास अंगावर कशाला? बाहेरून शेक, आठवड्याला केमोचं एक सलाईन, शेवटी आतून शेक. बरी होईन का? "बरं करायलाच देतोय. खात्री मात्र देता येत नाही." खोटं बोलल्या नाहीत, म्हणून मला आवडल्या. सोमवारपासून धुळ्याला, लेकीकडे राहून.

लेकीने विचारलं, "आई, रक्त कधीपासून जातंय?" मी म्हटलं, महिनाभर. आठ महिने जात होतं, आबा. सांगायची लाज वाटली, भीतीही.

आणि ते तणनाशक. "वारा शे, आज फवारू नको," असं बजावून तुम्ही तालुक्याला गेलात. मला दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या हळदीला जायचं होतं, म्हणून काम त्याच दिवशी उरकायची घाई. पंप मीच पाठीवर घेतला आणि त्या वाऱ्यातच बांधावरचं गवत फवारलं. तुम्ही झाडं उपटत होतात तेव्हा खड्ड्यात माती लोटायला मीच होते, आणि तोंड उघडलं नाही. लेकीला आठ महिन्यांचं सांगायचंय. आधी तुम्हाला सांगून बघितलं.