बिनमिठाचे पोहे

३ फेब्रु.
ताई आली. ट्रेन लेट, तोंड उतरलेलं. स्टेशनबाहेर बाबा लगेच रिक्षावाल्याला, "बेटी नॅशनल इन्स्टिट्यूट में है. आयुर्वेद में एमडी कर रही है." तो म्हणाला, "मॅडम, मेरे घुटने का कुछ बताओ." ताई वाकून बघायलाच लागली, भर रस्त्यात.
मग बाबांचं नेहमीचं. आजोबा महूला फौजेत, दवाखान्यात पट्ट्या बांधायचे, आणि नात डॉक्टर. पाठ आहे मला. तरी दर वेळी ऐकतो, काय करू.

५ फेब्रु.
सकाळी पोहे. आई मीठ टाकायचंच विसरली. बाबा पहिल्या घासाला थांबले. ताई म्हणते, "वा आई, एक नंबर! असे पोहे तिकडे मिळतच नाहीत."
आईने मीठ आणून मधे ठेवलं. बाबा पेपरात. ताईला कळलं की काहीतरी झालंय, पण काय ते कळलं नाही. तिचा तो चेहरा...
दुपारी तिला गच्चीवर पकडलं.
"कधीपासून?"
"दिवाळीनंतर ताप आला ना, तेव्हापासून. वास नाही, चव नाही. मिरची झोंबते, बस."
"कुणाला दाखवलं?"
"दाखवलं रे. येईल म्हणतात. कधी ते नाही सांगत."
आणि हिचा विषय औषधी वनस्पती. मुळी तोडून हुंगायची, जिभेवर ठेवायची, ओळखायची. तिच्या गाईड मॅडम सगळ्यांना सांगतात, अश्विनीची जीभ म्हणजे आपल्या डिपार्टमेंटचं मशीन आहे.

६ फेब्रु.
काल वाटलं एवढंच आहे. नाही.
मॅडमचा रिसर्च चालू आहे. जंगलातली एक साल, गावातले लोक वापरतात, पण जुन्या ग्रंथांत तिची चव कुठे लिहिलेली नाही. म्हणून काही जण गोल बसून चाखतात. खोलीत बोलायचं नाही. चूळ भरायची, चिमूटभर चूर्ण जिभेवर, आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं. मॅडम पण चाखतात.
तापानंतर ताई त्या गोलात बसली.
"मग काय लिहिलंस?"
"समोरचा चेहरा बघितला. गाल आत गेलेले दिसले. तुरट लिहिलं. मग भुवई वर गेली. त्याच्यापुढे कडू लिहिलं."
मला हसू आलं. तिला पण. मग ती रडली.
पेपर आता छापायला जाणार आहे. सांगितलं तर काम परत पहिल्यापासून, मॅडमचा विश्वास गेला, हिची एमडी कुठे लटकेल देवच जाणे. नाही सांगितलं तर त्या झाडाच्या नावापुढे कायमचं लिहिलं जाणार, जे हिने चाखलंच नाही.
"उद्या कोणीतरी वाचून पेशंटला देईल रे," म्हणाली.

८ फेब्रु.
तिला घेऊन सियागंजच्या मसाला बाजारात. हिंग, लवंग, ओवा, सगळं नाकाशी. रोज हुंगलं तर नाक जागं होतं म्हणतात. दुकानदार वैतागला, "मॅडम, लेना है कि सूंघना है?"
ताई: "भिया, दोनों."
हिंगाच्या डबीपाशी थांबली. मी श्वास रोखून. "काही?"
"काहीतरी आहे. का मला आठवतंय फक्त, नाही समजत."
परतताना छत्रीबागेच्या वळणावर म्हणाली, "उद्या मॅडमना फोन करते."

९ फेब्रु.
केला. स्पीकरवर, मी शेजारी. हिंदीत सगळं सांगितलं, ताप, चिठ्ठी, न थांबता. वाटलं फोन कटला.
मग मॅडम, हळू: "किसका चेहरा देखा था?"
ताई: "आपका, मॅम."
मग मॅडम म्हणाल्या,
"आ जाओ. फिर देखते हैं."
बस. रागावल्या? माहीत नाही. 'फिर देखते हैं' दोघांनी दहादा म्हणून बघितलं, वेगवेगळ्या आवाजात. काही हाती लागत नाही.
बाबा दारात उभे होते. कंपनीतून आज लवकर आलेले, बॅग खांद्यालाच.
"मग डिग्री?"
"माहीत नाही बाबा."
ते आत गेले. थोड्या वेळाने बाहेर येऊन तिच्या हातात चहा दिला. स्वतः केलेला. बाबांनी! साखर किती होती ते तिला कळलं नाही. मी चाखला, पाकच होता.

११ फेब्रु.
गाडी संध्याकाळची. बॅग भरलेली, वर हिंगाची डबी.
सकाळी पोहे. आई कढईपाशी, ताई ओट्याला टेकून. आईने चमचा पुढे केला, नेहमीसारखा, "मीठ बघ गं."
मी पेपरातून मान वर केली. बाबांनी पण.
ताईने घास घेतला. चावत राहिली, खूप वेळ.
"नाही कळत, आई."
आईने तोच चमचा परत भरून स्वतः खाल्ला. "थोडं कमी आहे," म्हणाली, आणि मिठाची बरणी ताईकडे सरकवली. "टाक. मी सांगते कुठे थांबायचं."