भरती चालू आहे

प्रिय ठकू,

घरात लिहायला कागद शोधण्यातच दुपार चालली होती. शेवटी प्रिंटरच्या पोटातले कोरे ओढून घेतले. तू म्हणशील, रोज फोनवर बोलतो आपण, मग आईला आज हे काय सुचलं? सांगते. जरा आडवळणाने सांगेन, कारण सरळ सांगायचं बळ अजून गोळा होतंय.

आधी घरचं. तुझे बाबा सध्या सुतार झालेत. तुझ्या खोलीतलं जुनं कपाट बाहेर काढलं, खिडकीखाली टेबल ठोकलं आणि भिंतीच्या रंगावरून माझ्याशी कडाकडा भांडले. अर्थात तेच जिंकले. खोली आता फिकट पोपटी आहे. मी काही बोलायला गेले की म्हणतात, "इतक्या वर्षांनी पोरगी घरी राहायला येतेय, तू मध्ये पडू नकोस." जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगतात की आता मायलेकी एकाच ऑफिसात जाणार, एकाच डब्यातलं खाणार. तुला माहीतच आहे, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आत्ता बिजागऱ्या आणायला गेलेत, म्हणून मला ही उसंत मिळाली.

आता ऑफिसचं. शाळेत तू सगळ्यांना सांगायचीस, माझी आई फोन बनवते. मी कधी तुला दुरुस्त केलं नाही. फोन खालच्या मजल्यावरचे लोक बनवतात. आम्ही वरचे बनवतो ती त्याची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे बटण दाबल्यापासून पडदा विझेपर्यंत तो ज्याच्या जोरावर चालतो ते सगळं. बाकीच्या कंपन्या ती एका मोठ्या कंपनीकडून तयार घेतात. आपणच एकटे हट्टाने घरची करत बसलो. त्या हट्टात माझे केस पांढरे झाले, पण खरं सांगू, मजा आली.

गेल्या वर्षी मोठे साहेब मंचावरून म्हणाले, "उसन्या पायांवर कुणी शर्यत जिंकत नाही. सिस्टीम आपलीच राहील." आम्ही हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. आणि उन्हाळ्यात त्या मोठ्या कंपनीचे पाहुणे आले. काचेच्या मीटिंग रूमला आतून कागद चिकटले. त्यानंतर साहेबांची भाषा बदलली, "आम्ही सगळे पर्याय खुले ठेवलेत." माझ्या शेजारी बसणारा पंतोजी (सगळ्यांच्या चुका काढतो म्हणून हे नाव) हळूच म्हणाला, "बाई, पर्याय खुले म्हणजे आपलं दार बंद व्हायला आलं." मग ती बोलणी अडली, तर दुसऱ्याच एका कंपनीचे लोक दिसायला लागले. नंतर पुन्हा पहिले. सकाळी तळ्यात, दुपारी मळ्यात, आणि उड्या मारायला आम्ही. पुढची आवृत्ती वेळेत द्या म्हणतात, पण माणसं मागितली की थांबा म्हणतात. काम बंद करू का विचारलं तर दचकतात. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत.

चाचणीच्या खोलीत सध्या एकाच फोनच्या दोन रांगा लावल्यात. एकीत आपली सिस्टीम, दुसरीत त्यांची. यंत्राची बोटं दिवसभर दोन्हीकडे टकटक करतात. परवा मी तिथे नुसती उभी होते. त्यांचा फोन झटकन उघडतो, आपला श्वास घेऊन उघडतो. आपली माणसं कामात कमी नाहीत गं, मोजायला कमी आहेत. तरी आपलं पोर शर्यतीत मागे पडताना कठड्याबाहेर उभं राहून बघावं, तसं झालं. ओरडूनही उपयोग नाही.

त्याच दिवशी मला त्या कागद लावलेल्या खोलीत बोलावलं. आधी सही घेतली, इथलं बाहेर बोलणार नाही, घरीसुद्धा नाही. मग साहेबांनी सांगितलं की पहिल्या पाहुण्यांशी करार झाला तर आमचा अख्खा विभाग बंद होणार. नाही झाला तर चालू राहील, बहुतेक. कधी ठरेल, ते त्यांनाही माहीत नाही. मी विचारलं, "मग नवी माणसं कशाला घेताय?" भरतीच्या बाई म्हणाल्या, "भरती थांबवली तर बाहेर बोभाटा होईल. आपली अडचण समोरच्याला कळली की बोलणीत मार खाऊ." मी म्हटलं, "आणि त्या नव्या माणसांचं काय?" त्या साहेबांकडे बघायला लागल्या. साहेब मात्र माझ्याकडे बघून हसले. "तुमची मुलगी येतेय ना या विभागात? छान! घरचंच माणूस."

ते साधेपणाने म्हणाले की मला बजावलं, मला अजून कळलेलं नाही. तरी बाहेर पडताना मी त्यांना गाठलं. म्हटलं, तिला कॅमेऱ्याच्या विभागात घ्या, तिथे कुणाला धक्का नाही. ते म्हणाले, "आईनेच मुलीला आपल्या विभागातून हलवलं, तर बाकीचे काय समजतील? तुम्हीच सांगा." मी जागेवर आले आणि पुढच्या आवृत्तीचं काम उघडून बसले.

तर ठकू, येऊ नकोस. पुढच्या आठवड्यात तू हातची नोकरी सोडणार आहेस, त्याआधी हे पोचावं म्हणून कुरिअरने पाठवतेय. फोनवर बोलले नाही, कारण आम्हा सगळ्यांकडे चाचणीचे फोन आहेत, आणि त्यात काय साठतं, कुठे जातं ते मीच लिहिलंय. आजवर मी कुठली सही मोडली नव्हती. कदाचित करार फिसकटेल, विभाग छान चालेल आणि तू म्हणशील, आईने उगाच पाय ओढला. तसं झालं तर खुशाल शिव्या दे. कंपनीला नकार कळव, कारण काहीही सांग. मग घरी फोन कर. बाबा शेजारीच असतील, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्यासमोर मला तुझ्यावर रागवावं लागेल, आईबापांची पर्वा नाही म्हणून वाट्टेल ते बोलेन. ते मनावर घेऊ नकोस. बोलता बोलता रडले, तर तेवढं मात्र खरं समज.

तुझीच,
आई